काटे, कापड आणि एक हरवलेला लावा

आजचा विषय पँट.

हो, पँटच. हसू नका. गेल्या दोन वर्षांत पँट या विषयावर मी जेवढा विचार केलाय तेवढा डेटाबेस इंडेक्सिंगवरही केला नसेल, आणि त्याचे तर मला पगारात पैसे मिळतात. ही पँट हापिसातली नाही, ट्रेकची पण नाही. दक्षिण टेक्ससच्या काटेरी रानात कुत्र्यांच्या मागे लावे शोधत दिवसभर चालायचं असेल तर जी लागते, ती. इकडे तिला ब्रश पँट म्हणतात. ब्रश म्हणजे झुडपाट, दात घासायचा नव्हे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सॅन अँटोनिओत नोकरी करतो. आमच्या टीममध्ये एक आर्किटेक्ट आहेत, साठीच्या आसपासचे. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबा म्हणतो (त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे सुरक्षित आहे). म्हातारबांकडे दोन पॉइंटर कुत्र्या आहेत आणि शहराच्या दक्षिणेला एका रँचवर चौघा-पाचजणांत मिळून घेतलेली शिकारीची लीज. टेक्ससमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी मालकीची आहे, त्यामुळे लीज नसेल तर हिंडायला फारशी जागाच नाही. तीन वर्षांपूर्वी लंचला मी सह्याद्रीतल्या ट्रेकच्या गप्पा मारत होतो, तेव्हा म्हणाले, "चालायला आवडतं ना? मग ये एकदा."

मी फक्त चालायला म्हणून गेलो आणि कुत्र्यांच्या प्रेमात पडलो. पॉइंटर कुत्री वास लागल्यावर धावता धावता अशी थबकते की कुणीतरी पॉज दाबलाय असं वाटावं. एक पाय वर, शेपूट ताठ, श्वाससुद्धा बेतानं. ते एकदा बघितलं की माणूस परत जातोच. पुढच्या वर्षी रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (इथे २ सप्टेंबर १९७१ पासून पुढे जन्मलेल्यांना तो लागतो), परवाना काढला. माझ्यासारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक हाताळता येत नाही, पण वैध शिकार परवाना असेल तर कायद्यात तशी सूट आहे.

शिकारीबद्दल आपल्यापैकी अनेकांच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे. माझ्याही मनात तेच होतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार जवळपास संपवली, आणि आपल्या जंगलांची अवस्था बघता ते योग्यच झालं. त्या वादात मी आज शिरत नाही. पण एक मुद्दा पँटशी थेट जोडलेला आहे, त्यामुळे तो टाळता येणार नाही. तिकडे येतोच.

तर पहिल्या सीझनला मी माझी लाडकी ट्रेकिंग पँट घालून गेलो. पंच्याऐंशी डॉलरची. हलकी, चारी बाजूंना ताणली जाणारी, पाणी पटकन सुकवणारी, गुडघ्यापाशी झिप. लेबलवर 'टफ' असं लिहिलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच. ती पँट दगडांसाठी आणि पायवाटांसाठी बनवली होती, मी ती काट्यांत नेली.

नोव्हेंबरातली सकाळ. डेझी, म्हणजे म्हातारबांची थोरली कुत्री, मेस्कीटच्या एका बेटापाशी थबकली. आम्ही पुढे झालो, बारा-पंधरा लाव्यांचा थवा फर्रकन उठला. मी एक बार काढला. एक पक्षी कलला, एक पंख लोंबकळत तिरका खाली गेला आणि निवडुंगाच्या नि काटेरी झुडपांच्या एका दाट जाळीत पडला. मेला नव्हता. ते मला दिसलं होतं.

डेझी आत शिरली आणि दोन मिनिटांत तीन पायांवर लंगडत बाहेर आली. पंजात निवडुंगाचा काटा. म्हातारबा खाली बसून चिमट्याने काटा काढायला लागले आणि मला म्हणाले, "तू जा. तुझा पक्षी आहे."

मी गेलो. दोन पावलं. तिसऱ्या पावलाला वाकडे काटे मांडीवर अडकले, मी पाय ओढला आणि पँट गुडघ्यापासून वीतभर टरकन फाटली. मग एक सरळ काटा गुडघ्याच्या बाजूला घुसला. मी ओरडून मागे आलो. पुढची दहा मिनिटं मी त्या जाळीभोवती बाहेरून गोल गोल फिरत होतो, मान लांब करून आत बघत होतो, आणि शोधतोय असं स्वतःलाच भासवत होतो. कुत्रीचं आवरून म्हातारबा स्वतः आत शिरले. जुनेपुराणे चॅप्स घातलेले साठीचे गृहस्थ सरळ चालत गेले, गुडघ्यावर बसले, निवडुंगाखालची उंदरांची बिळं चाचपली. पक्षी मिळाला नाही. जखमी लावा बिळात शिरला की संपलं.

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला शिकार हा प्रकार मुळीच पसंत नाही. ती एवढंच म्हणाली, "अरे, मारायचं ते मारलंस, निदान टाकून तरी नको होतंस यायला." टेक्ससचा कायदाही नेमकं हेच म्हणतो. पक्ष्याला मारून किंवा जखमी करून तो शोधण्याचा वाजवी प्रयत्न जाणूनबुजून न करणं हा इथे गुन्हा आहे. माझा प्रयत्न 'वाजवी' होता का? वकील कदाचित हो म्हणेल. मी नाही म्हणतो. मी आत गेलो नाही कारण मला लागत होतं. आणि मला लागत होतं कारण मी पँट विकत घेताना आरशात बघितलं होतं, रानाकडे नाही.

तर माझं मत हे असं आहे, एका वाक्यात: ब्रश पँट ही आरामाची किंवा हौसेची वस्तू नाही, ती जबाबदारीची वस्तू आहे. कितीला मिळाली, कुठल्या ब्रँडची, हे सगळं नंतर. ती घालून तुम्ही आत शिरणार की बाहेर उभे राहणार, एवढंच विचारायचं. आत शिरता येत नसेल तर तिथे बार काढू नये. इथला बॉबव्हाइट लावा जेमतेम दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा पक्षी, आणि अधिवास कमी होत गेल्यामुळे १९६० च्या दशकापासून त्याची संख्या अमेरिकेत प्रचंड घटलेली आहे. अशा पक्ष्याच्या बाबतीत 'एक हरवला तर काय बिघडलं' असं म्हणायची सोय नाही.

हे पटलं असेल तर पुढे वाचा, कारण आता इंजिनिअरिंग आहे.

आधी शत्रू ओळखा

पँट घेणारे बहुतेक लोक (मी धरून) कापडापासून सुरुवात करतात. सुरुवात काट्यापासून करायला हवी. रानात काटे शंभर प्रकारचे असतील, पण ते कापडावर हल्ला तीनच प्रकारे करतात.

पहिला, सरळ आणि लांब. मेस्कीटचा काटा. हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आपली वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातलीच, इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आली आणि पसरली. सोलापूर-नगरकडे ज्यांची सायकल पंक्चर झालीय त्यांना या काट्याची ओळख करून द्यायला नको. हा काटा कापड फाडत नाही, भोसकतो. सुईसारखा दोन धाग्यांच्या मधून आत येतो.

दुसरा, आकडेवाला. कॅटक्लॉ, म्हणजे मांजरीची नखं. नाव अगदी बरोबर आहे. हे झुडूप वाढतं तिथे त्याला गमतीने 'जरा थांब' झुडूप असंही म्हणतात, कारण ते पकडून ठेवतं. आकडा धाग्यात अडकतो, तुमचा पाय पुढे जातो, आणि मग धागा तुटतो किंवा कापड फाटतं. इथे भोसकण्याचा प्रश्न नाही, फाटण्याचा आहे. माझ्या पँटचा बळी यानेच घेतला.

तिसरा, निवडुंग. आपला फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आलेला, तेव्हा चेहरा ओळखीचा. याचे मोठे काटे त्रास देतातच, पण खरा छळ बारीक कुसळांचा. मुळाशी केसांएवढी कुसळं झुपक्याने असतात. ती कापडाच्या विणीत जाऊन बसतात, धुतली तरी निघत नाहीत, आणि दोन आठवड्यांनी तुम्ही तीच पँट चढवलीत की आतून टोचतात. ज्याला टोचलीत त्यालाच कळेल!

आता गंमत बघा. तीन हल्ले, आणि तिन्हींना उत्तरं वेगळी. भोसकण्याला उत्तर म्हणजे घट्ट वीण. फाटण्याला उत्तर म्हणजे मजबूत धागा आणि गुळगुळीत पृष्ठभाग, म्हणजे आकडा अडकण्याआधीच घसरेल. कुसळांना उत्तर म्हणजे लव नसलेलं, सपाट कापड. यातली एक गोष्ट असणं म्हणजे बाकीच्या दोन असणं नव्हे. 'टफ' या एका शब्दात हे तिन्ही कोंबले जातात आणि तिथेच आपण फसतो.

डेनिअर म्हणजे मेगापिक्सेल

ब्रश पँटच्या लेबलवर एक आकडा हमखास असतो, ५०० डेनिअर किंवा १००० डेनिअर. दुकानदार तो असा सांगतो की जणू जास्त म्हणजे चांगलं. डेनिअर म्हणजे काय, तर ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. १००० डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर धागा एक किलोचा. बस्स. यात धागा किती जाड ते कळतं. तो किती घट्ट विणलाय हे कळत नाही.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखंच आहे हे. आकडा खरा, पण फोटो कसा येईल ते तो सांगत नाही. जाड धागा सैल विणला तर दोन धाग्यांमधली भोकं मोठी होतात, आणि मेस्कीटचा काटा त्यातून आरामात आत येतो. दाट विणलेलं ५०० डेनिअर नायलॉन भोसकण्याच्या बाबतीत ढिसाळ १००० पेक्षा सरस ठरू शकतं, शिवाय हलकं, आणि चालताना कमी वाजतं. हो, आवाज हा पण मुद्दा आहे. जाड नायलॉन चालताना सूं-सूं करतं, आणि शांत सकाळी ते दिवसभर ऐकणं म्हणजे एक वैताग.

कॉर्डुरा हे नाव सगळीकडे दिसतं. ड्यूपॉन्टने १९२९ मध्ये हे नाव रेयॉनच्या धाग्यासाठी घेतलं होतं, नायलॉनचं कॉर्डुरा पुष्कळ नंतरचं. आज तो एक ब्रँड आहे आणि त्याखाली अनेक कापडं येतात. म्हणून 'कॉर्डुरा आहे' हे उत्तर अपुरं. कुठलं, किती डेनिअरचं आणि पँटच्या कुठल्या भागावर, हे तीन प्रश्न पाठोपाठ विचारायचे.

नायलॉनचे तोटेही ऐका. हवा खेळत नाही. दक्षिण टेक्ससमध्ये नोव्हेंबरच्या दुपारीही चांगलंच ऊन असू शकतं, त्यात संपूर्ण जाड नायलॉनची पँट म्हणजे प्रेशर कुकर. आणि संध्याकाळी शेकोटीपाशी ठिणगी उडाली तर कापूस काळा पडतो, नायलॉन वितळून भोक पडतं.

कापसाचं कॅनव्हास मात्र जुना, भरवशाचा मित्र. इथे कापडाचं वजन चौरस यार्डाला किती औंस असं मोजतात. कामगारांच्या पँटचं कॅनव्हास साधारण बारा औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास. काटे सोसतं, आवाज करत नाही, घासून घासून मऊ होतं. कारहार्टसारखी कंपनी १८८९ पासून डेट्रॉइटच्या रेल्वे कामगारांसाठी कपडे शिवत आली ती अशाच कापडांतून. दोष एकच, ओलं झालं की संपलं. दव पडलेल्या गवतातून तासभर चाललात की ती पँट दुप्पट जड होते आणि दुपारपर्यंत सुकत नाही.

त्यावर जुना उपाय म्हणजे मेण. मेण चोळलेलं कॅनव्हास पाणी झटकतं, आकडे त्यावरून घसरतात, कुसळंही कमी बसतात. सिएटलची फिल्सन १८९७ पासून, क्लॉन्डाइकला सोनं शोधायला निघालेल्यांच्या काळापासून, असले कपडे करत आली आहे. साउथ डकोटात ऑक्टोबरच्या ओल्या गवतात फेझंटच्या मागे, किंवा मिनेसोटाच्या थंड रानात ग्राउसच्या मागे जाणाऱ्याने डोळे मिटून मेणाचं कापड घ्यावं. पण ते मशीनमध्ये धुता येत नाही, अधूनमधून परत मेण द्यावं लागतं, आणि गरम होतं. आमच्याकडे दुपारी ते घालून फिरणं म्हणजे मेणबत्तीत बसून फिरणं.

राहिलं ताणलं जाणारं, स्ट्रेच कापड. इथे माझं मत ठाम आहे, कारण त्यासाठी मी पंच्याऐंशी डॉलर आणि एक गुडघा मोजलाय. पायाच्या पुढच्या बाजूला स्ट्रेच नको. गुडघा वाकला की कापड ताणतं, ताणलं की वीण उघडते, आणि नेमकं त्याच क्षणी पाय झुडपात असतो. मागच्या बाजूला, कमरेपाशी, कुंपणाची तार ओलांडताना ताण येतो तिथे, जरूर असावं.

पँट फाटते ती शिवणीत

कापडावर एवढं बोलून झालं, पण खरं सांगायचं तर चांगल्या कापडाच्या पँटही मरतात, आणि मरतात शिवणीपाशी. आपल्या धंद्यातही तसंच ना? मॉड्यूल दोन्ही चांगली असतात, घोळ इंटरफेसवर होतो.

ब्रश पँटची रचना साधी आहे. आत साधं कापूस किंवा हलकं कापड, आणि मांडीपासून खालपर्यंत पुढच्या बाजूला जाड कापडाचा दुसरा थर. या थराला फेसिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन पँटला आधीच लावलेलं मोठं ठिगळ. बघायचं ते हे, की ठिगळ संपतं कुठे.

स्वस्त पँटमध्ये ते पायाच्या बरोबर पुढच्या अर्ध्या भागावर असतं आणि बाहेरच्या शिवणीला येऊन थांबतं. पण माणूस झुडपातून सरळ जात नाही, खांदा पुढे करून तिरका शिरतो. त्यामुळे मार बसतो मांडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे अगदी त्या शिवणीवर. फेसिंग शिवण ओलांडून बाजूला गेलेलं असावं. खाली मोहरीपाशी तर ते पूर्ण गोल फिरलेलं हवं, कारण पोटरीला मागून काटे लागतात आणि मोहरी सगळ्यात आधी झिजते.

दुसरं, फेसिंग वर कुठपर्यंत? गुडघ्याच्या जरा वर संपणारं फेसिंग म्हणजे गवतापुरती पँट. निवडुंग मांडीपर्यंत येतो. फेसिंग खिशाच्या तोंडापर्यंत हवंच.

तिसरं, दोन पायांच्या मध्ये चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराचा जादा तुकडा लावलेला आहे का. काटेरी तारेचं कुंपण ओलांडताना चार शिवणी एकाच बिंदूवर आल्या असतील तर तिथे पँट उसवते, आणि मग पुढचा दिवस जपून चालावं लागतं. जास्त तपशील देत नाही.

चौथं, लांबी. बुटावर गोळा होणारी पँट चिखल, बुरशी आणि कुसळं गोळा करते. शहरात घालतो त्यापेक्षा इंचभर आखूड घ्या. वाईट दिसेल. रानात कोणी बघत नाही, कुत्री तर मुळीच नाही.

आणि एक इशारा. ब्रश पँट ही सापापासून वाचवणारी पँट नव्हे. आमच्या रानात रॅटलस्नेक आहेत. त्यासाठी वेगळे बूट किंवा वेगळी पोटरीची कवचं मिळतात, ज्यांवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. जाड कापड आहे म्हणून साप चावणार नाही, असा भाबडा हिशोब करू नका.

दोन टोकं आणि एक जुना शहाणपणा

या विषयावर इथल्या लोकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हे सगळं मार्केटिंग, आमचे आजोबा जीन्स घालून फिरले. त्यात तथ्य आहे. जाड डेनिम आकडेवाल्या काट्यांना बऱ्यापैकी तोंड देतं, आणि दोन तासांच्या फेरीला ते चालतं. पण निवडुंगाचा काटा जीन्समधून आरपार जातो, आणि आजोबांच्या गुडघ्यांबद्दल आजोबांनाच विचारायला हवं होतं.

(जाता जाता: डंगरी हा इंग्रजी शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव ते. तेव्हा कष्टाच्या पँटच्या इतिहासात आपलाही एक धागा आहे, हे इथल्या मंडळींना मी आवर्जून ऐकवतो.)

दुसरा तट म्हणतो, सगळ्यात महाग घ्या, एकदाच घ्या. हे आपल्या पिढीचं आवडतं तत्त्वज्ञान. लॅपटॉप, बूट, बॅकपॅक, सगळ्याला लावतो आपण. पण महाग पँट तुमच्या रानासाठी महाग असते असं नाही. साउथ डकोटासाठी शिवलेली उत्तम पँट आमच्याकडे दुपारी अकरानंतर शिक्षा आहे. आणि महाग पँटचा एक छुपा दोष म्हणजे आपण तिला जपायला लागतो. दोनशे डॉलर मोजून घेतलेल्या पँटला ओरखडा पडू नये म्हणून माणूस जाळी टाळून बाहेरून जायला लागला, की झाला का नाही पुन्हा तोच घोटाळा?

मला विचाराल तर सुरुवात करणाऱ्याने पँट घेऊच नये. चॅप्स घ्यावेत. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे, जीन्सवरून चढवायचे, बसायची जागा उघडी. हा शोध कुठल्या कंपनीचा नाही. उत्तर मेक्सिको आणि दक्षिण टेक्ससच्या याच रानात गुरं राखणाऱ्या व्हाकेरोंचा आहे. चॅप्स हा शब्दच स्पॅनिश चापारेरासवरून आलाय, आणि त्याचं मूळ काटेरी झुडपाच्या नावात आहे. ज्यांना रोज त्या रानात जायचं होतं त्यांनी काढलेलं उत्तर! मागून हवा येते, दुपारी काढून ठेवता येतात, एकच माप बहुतेकांना होतं, आणि पाहुण्याला उसने देता येतात. पहिल्या सीझनचे उरलेले आठ दिवस मी सत्तर डॉलरच्या चॅप्समध्ये काढले. दिवसाला नऊ डॉलरच्या आत. त्या ट्रेकिंग पँटचा हिशोब दिवसाला पंच्याऐंशी पडला होता.

पुढच्या सीझनला मी पँटवर आलो, कारण तोवर मला माझं रान आणि माझं चालणं कळलं होतं. एकशे दहा डॉलरची. पाठीमागे हलकं सुती कापड, पुढे दाट विणीचं ५०० डेनिअर नायलॉन, शिवण ओलांडून बाजूला गेलेलं, मोहरीला पूर्ण गोल. दिसायला भयंकर, दोन रंगांची, सरकारी शाळेच्या गणवेशासारखी.

दुकानात काय करायचं ते थोडक्यात सांगतो. पँट उलटी करा, कारण खरेपणा आतून दिसतो. फोनचा टॉर्च फेसिंगच्या मागे धरा. टिंब टिंब उजेड येत असेल तर काटाही येईल. अंगठ्याचं नख कापडावरून जोरात ओढा. धागे सरकून रेघ उमटली तर ठेवून द्या. बूट घालून ट्राय करा आणि ट्रायल रूममध्ये खुर्चीवर एक पाय ठेवून वाका, उकिडवे बसा. लोक बघतील. बघू देत. शेवटी लेबल वाचा. अगदी शेवटी.

आणि दुरुस्ती शिका. माझ्या पँटला आता दोन ठिगळं आहेत, मीच लावलेली, जाड दोऱ्याने. पहिलं वेडंवाकडं, दुसरं बरं. व्हिडिओ कॉलवर आईने टाका कसा घालायचा ते दाखवलं आणि वर म्हणाली, "इंजिनिअर झालास, पण सुईत दोरा ओवायला अजून मीच लागते." खरं आहे. टिकाऊ म्हणजे न फाटणारं असं मी समजत होतो. आता वाटतं, टिकाऊ म्हणजे फाटल्यावर ज्याला ठिगळ लावता येतं ते. त्या स्ट्रेच पँटला कुणी रफूही करेना.

या फेब्रुवारीत, सीझनच्या शेवटच्या शनिवारी, माझा आणखी एक पक्षी तसाच जाळीत पडला. डेझी आता थकलीय, ती बाहेरच बसली होती. धाकटी कुत्री दुसऱ्या बाजूला होती. म्हातारबांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते बंदूक रिकामी करून पाणी प्यायला लागले.

मी बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली आणि आत गेलो. गुडघ्यावर बसलो, हाताला काटे लागले (हातमोजे हा पुढच्या निबंधाचा विषय), निवडुंगाखाली डोकं घातलं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. एका बिळाच्या तोंडाशी होता, अजून धुगधुगी होती. मी त्याचे हाल संपवले. ते सोपं नव्हतं आणि सोपं वाटू नये असंच मला वाटतं.

बाहेर आलो तेव्हा म्हातारबा फक्त "गुड" म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

पहिल्या सीझनचा तो लावा मात्र अजून माझ्या हिशोबात आहे. तो कुठल्याही पँटने भरून निघत नाही. असो.

पुढच्या वीकांताला भेटू. तोवर तुमच्या कपाटातली सगळ्यात आवडती पँट काढा आणि उलटी करून बघा.